अशुद्ध वाक्याचा वक्ता कोण?

बँकांच्या आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वाशीतील शिकवणीवर्गांत इंग्रजीच्या तासाला एका विशिष्ट घडणीचे वाक्य हमखास फळ्यावर येते : ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन वाशी सिन्स फाइव्ह इयर्स.’ परीक्षेत असे वाक्य चार तुकड्यांत विभागलेले असते. चूक कोणत्या तुकड्यात आहे ते ओळखायचे आणि चूक नसल्यास ‘चूक नाही’ हा अखेरचा पर्याय निवडायचा. बँक अधिकाऱ्यांच्या प्राथमिक परीक्षेत इंग्रजीच्या तीस प्रश्नांना वीस मिनिटे मिळतात आणि चुकलेल्या उत्तरामागे प्रश्नाच्या गुणांचा चतुर्थांश कापला जातो. म्हणजे एका वाक्याच्या शुद्धाशुद्धतेचा निवाडा सरासरी चाळीस सेकंदांत व्हायला हवा.

हे वाक्य कोणी उच्चारले, कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी, असा प्रश्न तेथे उद्भवत नाही. चुकण्यासाठीच रचलेले, वक्ता आणि श्रोता दोहोंपासून तोडलेले असे हे वाक्य आहे. साहित्यविचाराने या रचनाप्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. कथा, कविता, निबंध यांच्या संहितांची चर्चा होते, परंतु ज्या संहितेवर लक्षावधी तरुणांची उपजीविका अवलंबून असते, तिला वाङ्मयबाह्य समजून वगळले जाते. वास्तविक अशुद्ध वाक्य हाही एक आकृतिबंध आहे. त्याला इतिहास आहे, आणि भाषेवर अधिकार कोणाचा, हा त्या इतिहासातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

या आकृतिबंधाचा जन्म अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये झाला. विद्यार्थ्यांनी सुधारावीत म्हणून मुद्दाम बिघडवलेली वाक्ये देण्याची पद्धत अ‍ॅन फिशर या शिक्षिकेने १७४५ च्या सुमारास आपल्या व्याकरणात वापरली. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे लंडनचे बिशप झालेल्या लोथ यांनी तळटीपांमधून शेक्सपिअर, मिल्टन, पोप, स्विफ्ट यांच्या आणि बायबलच्या इंग्रजी भाषांतरातल्याही चुका दाखवल्या. लोथ यांच्या टीपांमध्ये चूक करणाराला नाव होते. तो थोर होता, आणि थोरांकडूनही नियमभंग होतो, एवढेच तिथे सांगायचे होते. १७९५ मध्ये लिंडले मरे यांचे व्याकरण आणि १७९७ मध्ये त्याला जोडलेली स्वाध्यायांची पुस्तिका आली, तेव्हा परिस्थिती पालटली. मरे यांच्या पुस्तिकेत अशुद्ध वाक्यांची नियमवार रांग आहे, पण त्यांचे लेखक लुप्त झाले आहेत. पुस्तिकेसोबत उत्तरांची स्वतंत्र सूचीही निघाली. लेखकाकडून अनामिकाकडे आणि चर्चेकडून उत्तरसूचीकडे झालेले हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे. चूक हा अपवाद राहिला नाही, ती शिक्षणाचे साधन झाली.

भारतीय व्याकरणपरंपरेने हाच प्रश्न फार पूर्वी विचारला होता आणि नेमका उलट निर्णय दिला होता. महाभाष्याच्या आरंभी पतंजलीने शब्दांचा उपदेश करावा, अपशब्दांचा करावा की दोहोंचा, असा विकल्प उपस्थित केला आहे. त्याचे उत्तर लाघवाच्या तत्त्वावर उभे आहे. ‘गौः’ हा एक शब्द सांगितला की काम भागते; त्याची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी भ्रष्ट रूपे मोजत बसणे म्हणजे गौरव. शब्द थोडे, अपशब्द अनंत. म्हणून शब्दच शिकवावा. त्याहून मार्मिक असा आणखी एक मुद्दा त्याच आह्निकात आहे. अर्थाचा बोध शब्दाने होतो तसा अपशब्दानेही होतो. शब्दच वापरावा हा नियम अर्थासाठी नाही, धर्मासाठी आहे. प्रमाणभाषेचा आग्रह संप्रेषणाच्या गरजेतून उद्भवत नाही, त्यामागे वेगळ्या प्रकारची व्यवस्था असते, याची इतकी स्पष्ट कबुली आधुनिक परीक्षकांनी क्वचितच दिली असेल.

मुंबई इलाख्यात या दोन परंपरा एकमेकींना भेटल्या, पण बरोबरीच्या नात्याने नव्हे. १८३५ च्या फेब्रुवारीत मेकॉले यांचे टिपण आले आणि मार्चमध्ये बेंटिंक यांच्या ठरावाने त्याला राजमान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपुराहून १८०५ मध्येच निघाले होते, परंतु ते इंग्रजीतून आणि परकीयांसाठी होते. दादोबांनी मराठी माणसाला त्याच्याच भाषेचे व्याकरण दिले आणि देताना इंग्रजी व्याकरणाच्या मांडणीचा आधार घेतला. शब्दांच्या जातींची व्यवस्था, काळ आणि अर्थ यांची कोष्टके, स्वाध्यायाला सोयीची नियमबद्धता हे सारे मराठीत या वाटेने रुळले. १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मोरो केशव दामल्यांना या वारशाशी जो प्रदीर्घ वाद घालावा लागला, त्याचे मूळ इथे आहे. मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्याची चूक कळण्याआधी स्वतःच्या वाक्याकडे इंग्रजी चौकटीतून पाहण्याची सवय लागली होती.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ पासून प्रवेशपरीक्षा सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. इंग्रजी ही आता विद्येप्रमाणेच नोकरीचीही वाट झाली. ‘वाघिणीचे दूध’ हा लोकप्रिय शब्दप्रयोग या भाषेचे बळ सांगतो. ते दूध गाळून देणाऱ्या परीक्षेविषयी तो काही बोलत नाही. तर्खडकरांच्या नावाने घरोघर पोचलेल्या भाषांतर पाठमालेने मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्यावर जाण्याचा सराव पिढ्यान्‌पिढ्या करून घेतला. या पद्धतीत निदान एक गोष्ट शाबूत होती : इंग्रजी वाक्याच्या मागे एक मराठी वाक्य उभे आहे, हे तिथे उघड दिसत असे.

‘करेक्ट’ या शब्दासाठी मराठी शाळांनी ‘शुद्ध’ हा पर्याय स्वीकारला, ही या इतिहासातली लहान पण दूरगामी घटना होय. लॅटिन मुळाशी सरळ करण्याची कल्पना आहे; ‘शुद्ध’ शब्दामागे सोवळ्याओवळ्याचा पूर्ण संसार आहे. ‘वाक्य शुद्ध करून लिहा’ या सूचनेत वाक्य वाकडे राहत नाही, ते विटाळलेले ठरते. निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनावर जी टीका केली तीत भाषेच्या अशुद्धतेचा उपहास हे एक प्रमुख हत्यार होते. विचाराला उत्तर देण्याआधी विभक्तीकडे बोट दाखवता येते, हे तंत्र तेव्हापासून मराठी वादविवादात परिचित आहे. गंमत अशी की, ज्या डौलदार गद्याच्या उंचीवरून हा उपहास झाला, त्या गद्याच्या वाक्यरचनेवर इंग्रजी निबंधकारांचे संस्कार स्पष्ट आहेत. फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे आपले निवेदन इंग्रजीत सादर केले. राज्यकर्त्यांशी बोलताना त्यांना जे व्याकरण आड आले नाही, ते स्वकीयांशी बोलताना आड आणले गेले.

मरे यांच्या अशुद्ध वाक्याला वक्ता नव्हता. वसाहतीत त्याला वक्ता मिळाला. मुंबई सनदी सेवेतील जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांचे भारतीयांच्या इंग्रजीतील वाक्प्रचारविषयक चुकांची तपासणी करणारे पुस्तक १९०७ मध्ये निघाले. आता चूक ही अनामिक राहिली नाही, ‘भारतीय’ झाली. शतकारंभी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात असलेले पी. सी. रेन यांनी एच. मार्टिन यांच्यासह तयार केलेले शालेय व्याकरण पुढे मुंबईच्या कूपर प्रकाशनाकडून प्रसिद्ध झाले आणि भारतीय घरांत जवळजवळ स्मृतिग्रंथासारखे स्थिरावले. इंग्लंडमध्ये रेन यांची कीर्ती ‘बो जेस्त’ (१९२४) या साहसकादंबरीचे लेखक म्हणून आहे. इथे ते केवळ नियमांचे कर्ते म्हणून उरले. कादंबरीकार विस्मरणात जाऊन व्याकरणकार शिल्लक राहावा, यात वसाहतीच्या वाचनव्यवहाराचे मर्म आहे.

अमेरिकन वस्तुनिष्ठ चाचणीने या परंपरेला शेवटचे वळण दिले. १९३८ मध्ये उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बाजारात आले. व्यवस्थापन शिक्षणाची प्रवेशचाचणी १९५४ मध्ये आणि परकीयांसाठीची ‘टोफेल’ १९६४ मध्ये सुरू झाली. पुढे रूढ झालेल्या वाक्यसुधारणेच्या प्रश्नात विद्यार्थी काही लिहीत नाही; पाच पर्यायांतून एक निवडतो आणि पहिला पर्याय मूळ वाक्यच असतो. मरे यांच्या विद्यार्थ्याला निदान सुधारलेले वाक्य स्वतःच्या हाताने लिहावे लागे. आता लेखन संपून निवड उरली. भारतात बँकांच्या भरतीसाठी परीक्षा घेणारी मुंबईतील आयबीपीएस ही संस्था १९८४ मध्ये स्वतंत्र झाली आणि २०११ पासून सार्वजनिक बँकांसाठी तिच्या सामाईक परीक्षा सुरू झाल्या. ‘चूक नाही’ हा पर्याय त्यामुळे लाखोंच्या परिचयाचा झाला. शुद्ध वाक्यही येथे संशयित म्हणूनच समोर येते.

आता फळ्यावरच्या वाक्याकडे परत यावे. ‘मी वाशीत पाच वर्षांपासून राहतो आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. मराठीत ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय आरंभबिंदूला लागते तसे कालावधीलाही लागते, आणि अद्याप चालू असलेली क्रिया वर्तमानकाळात सांगितली जाते. जर्मन आणि फ्रेंच भाषाही या ठिकाणी एकच शब्द आणि वर्तमानकाळच वापरतात. इंग्रजीच येथे आरंभबिंदू व कालावधी यांत भेद करते आणि क्रियापदाचे वेगळे रूप मागते. म्हणजे हे ‘अशुद्ध’ वाक्य अज्ञानातून आलेले नाही. ते एका व्याकरणाच्या पक्क्या ज्ञानातून दुसऱ्या व्याकरणाच्या प्रदेशात टाकलेले पाऊल आहे. अशोक रा. केळकरांनी १९५७ मध्येच ‘मराठी इंग्रजी’च्या उच्चारविशेषांचा अभ्यास करून अशा भाषेत व्यवस्था असते हे दाखवले होते. एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये शिकणाऱ्याच्या चुका हा त्याच्या आंतरिक व्याकरणाचा पुरावा मानला. परीक्षेच्या व्यवहारात मात्र हा पुरावा गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

त्याच सुमारास मुंबईच्याच एका इंग्रजी कवीने या वाक्याला साहित्यात आणले. निस्सीम इझिकेल यांच्या १९७६ च्या ‘हिम्स इन डार्कनेस’ या संग्रहात मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभाची कविता आहे. अपूर्ण वर्तमानकाळाचा अतिरेक हेच तिच्या निवेदकाचे व्यक्तित्व आहे. कवितेत हसू येते, पण माणूसही दिसतो : त्याचे सौजन्य, त्याची पोकळी, त्याचा समारंभ. या कवितेतली वाक्ये ‘सुधारली’ तर कविता नाहीशी होईल. तीच रचना उत्तरपत्रिकेत आली की माणूस नाहीसा होतो. मात्र या कवितेचा रसिक बहुधा परीक्षा उत्तीर्ण झालेलाच असतो, आणि त्याच्या हसण्यात ते उत्तीर्णत्व मिसळलेले असते, हेही नोंदवले पाहिजे.

वाशी हे या इतिहासाचे योग्य ठिकाण आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या नव्या शहराचे हे पहिले उपनगर. १९७३ मध्ये खाडीपूल झाला, ९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून रेल्वे आली. गावांची नावे राहिली, पण पत्ता सेक्टरच्या आकड्यात गेला. पंचाण्णव गावांच्या जमिनी या प्रकल्पासाठी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पुढे आले. शेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी घरांतील मुलांना घाटावरून आणि कोकणातून आलेल्या मुलांसोबत एकाच बाकावर बसून एकाच प्रश्नपत्रिकेकडे पाहावे लागले. या घरांतील बोलीला प्रमाण मराठीने आधीच ‘अशुद्ध’ ठरवलेले असते. १९६२ आणि १९७२ च्या शुद्धलेखन-नियमांशी झगडून झाल्यावर इंग्रजी वाक्यशुद्धीचा दुसरा उंबरठा समोर येतो. एकाच माणसाच्या भाषेवर दोनदा शिक्का बसतो.

तथापि या परीक्षेची केवळ निर्भर्त्सना करणे हे तिच्या दारातून आत गेलेल्यांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलाखतीत आडनाव, उच्चार, पेहराव, आईवडिलांचा व्यवसाय सारे काही बोलते. पर्यायांच्या प्रश्नात यंत्राला यातले काही दिसत नाही. ज्याच्या घरात इंग्रजी बोलली जात नाही, त्याला बोलण्याचे वळण विकत घेता येत नाही, पण ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचा नियम पाठ करता येतो. नियम हा वंचिताचा मित्र असू शकतो, कारण तो सांगता येतो; अभिरुची सांगता येत नाही. फळ्यावरचे वाक्य पुसून बरोबर वाक्य लिहिणाऱ्या शिक्षकाच्या हातात म्हणूनच दडपणुकीइतकीच मुक्तीचीही शक्यता आहे. प्रश्न एवढाच, की तो पुसताना काय सांगतो. चूक इंग्रजीच्या नियमाची आहे असे सांगतो, की चूक विद्यार्थ्याच्या भाषेची आहे असे सुचवतो.

व्यवस्थापनाच्या त्या प्रवेशचाचणीच्या २०२३ च्या अखेरीस सुरू झालेल्या नव्या आवृत्तीत वाक्यसुधारणेचा प्रश्नच उरला नाही, आणि २०२४ च्या आरंभी जुनी आवृत्तीही बंद झाली. जिने हा प्रकार जगभर रूढ केला तिनेच तो सोडला. बँकांच्या परीक्षांत तो चालू राहिला. केंद्राने टाकलेले माप परिघावर दीर्घकाळ वापरात राहते, हा वसाहतीच्या इतिहासाचा परिचित क्रम आहे.

अशुद्ध वाक्याचा वक्ता कोण, या प्रश्नाला लोथ यांनी थोर लेखक असे उत्तर दिले, मरे यांनी कोणीही नाही असे, व्हिटवर्थ यांनी भारतीय असे. चौथे उत्तर शिकवणीवर्गात दररोज हजर असते, पण ते विचारले जात नाही : पाच वर्षांपासून वाशीत राहणारा आणि ते आपल्या भाषेत अचूक सांगू शकणारा एक माणूस. दोन वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली गेली, तर इंग्रजीचा नियम तेवढाच पक्का कळेल, आणि मराठीचाही नियम होता हे प्रथमच कळेल.