हातगाडीपासून ठिबक सिंचनापर्यंत : पद्मश्री भवरलालजी जैन

यंत्रविद्येची पदवी नसतानाही एका नव्या तंत्रज्ञानाचा मोठा उद्योग उभारणाऱ्या महाराष्ट्रातील मोजक्या पुरुषांत जळगावचे पद्मश्री भवरलालजी हिरालालजी जैन यांचे नाव आदराने घ्यावे लागते. वाणिज्य आणि कायद्याच्या या पदवीधराने ठिबक सिंचन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसे नेले, हे आपल्या व्यापारी समाजाने समजून घेण्याजोगे आहे.

भवरलालजींचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी जामनेर तालुक्यातील वाकोद येथे, राजस्थानातून येऊन शेतीत स्थिरावलेल्या कुटुंबात झाला. मुंबईत शिक्षण पूर्ण झाल्यावर सरकारी अधिकारपदाची संधी चालून आली असता त्यांनी ती नाकारली. १९६३ मध्ये घरची सात हजार रुपयांची पुंजी घेऊन त्यांनी हातगाडीवरून रॉकेल विकण्यास प्रारंभ केला. पुढे बियाणे, खते, पाइप व ट्रॅक्टर यांच्या एजन्सी आल्या आणि त्यांचा गिऱ्हाईक शेतकरीच ठरला.

१९७८ साली त्यांनी केळीची भुकटी करणारा एक आजारी कारखाना विकत घेतला. तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार होऊ लागले व परदेशी गेले. १९८० पासून पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतरचे पाऊल ठिबकचे होते.

हे तंत्र मूळ इस्राएलचे. तेथे १९६५ मध्ये नेताफिम कंपनीच्या रूपाने त्याचा व्यवसाय सुरू झाला. झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी द्यावयाचे, एवढीच त्याची कल्पना. परंतु नळ्यांची बारीक छिद्रे क्षार व गाळाने तुंबतात. आखणी चुकली तर शेताच्या एका टोकाला पाणी पोहोचते, दुसऱ्या टोकाला नाही. आपण कापड विकतो, तेथे गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरला की व्यवहार बहुधा पुरा होतो. ठिबकचा व्यवहार मात्र विक्रीनंतर सुरू होतो. भवरलालजींनी ही गोष्ट ओळखली. शेताची मोजणी, माती-पाण्याची तपासणी, आराखडा, जोडणी आणि पिकाचा सल्ला हे सारे त्यांनी मालासोबत देऊ केले. पुढे ग्रँड नैन जातीच्या केळीची ऊतिसंवर्धित रोपेही दिली. पूर्वी सुमारे दीड वर्ष घेणारे केळीचे पीक या रोपांमुळे वर्षाच्या आत-बाहेर हाती येऊ लागले. शासकीय अनुदानाचाही प्रसाराला मोठा हातभार लागला.

यशाबरोबर ठेचाही लागल्या. १९९० च्या दशकात वित्त, ग्रॅनाइट, माहिती तंत्रज्ञान अशा अनोळखी क्षेत्रांत कंपनीने पाऊल टाकले व तोटा सोसला. भवरलालजींनी ती जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि कंपनी पुन्हा शेतीकडे वळवली. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१२ मध्ये जळगावात ‘गांधी तीर्थ’ उभे राहिले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढील इतिहासही सांगितला पाहिजे. कर्जाचा भार आणि अडकलेली येणी यांमुळे २०१९ मध्ये कंपनीची कर्जफेड अडली. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय इस्राएलच्या रिव्हुलिस कंपनीत विलीन करण्यात आला. विक्री वहीत दिसते, वसुली मात्र पेटीत दिसावी लागते, हे कोणत्याही पेढीवर बसलेला मनुष्य जाणतो. मोठ्या उद्योगालाही हाच नियम लागू पडतो.

या अडचणींमुळे भवरलालजींचे कार्य उणे ठरत नाही. तापी खोऱ्यातील केळीच्या बागांत आज ठिबकच्या काळ्या नळ्या सर्रास दिसतात. परदेशातून आलेले तंत्र येथे रुजले, ते विकणारा शेतकऱ्याची अडचण निवारण्यासाठी पुन्हा त्याच्या बांधावर गेला म्हणून. व्यापारात उतरणाऱ्या आपल्या तरुण पिढीने त्यांच्या यशाबरोबर हा परतफेरा आणि वसुलीचा धडा, दोन्ही ध्यानी ठेवावेत.