मरण केव्हा जन्माला आले?

"जो जन्माला आला तो मरणारच" हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही. विषय मराठी आणि इतिहास, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. निवृत्तीनंतर जीवशास्त्राची पुस्तके चाळू लागलो, तेव्हा कळले की हे विधान सरसकट करता येत नाही. अमीबाचेच बघा ना! पाणी आटले, कोणी गिळले, तर तो मरतो. एरवी पुरेसा वाढला की दुभंगतो आणि एकाचे दोन होतात. आई कोण, लेक कोण? सांगता येत नाही. मागे प्रेतही उरत नाही.

या साध्या गोष्टीवर पहिल्यांदा नीट विचार केला तो ऑगस्ट वाइसमान या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने. हा मूळचा डॉक्टर, पुढे फ्रायबुर्गला प्राध्यापक. दृष्टी अधू झाल्याने त्याला सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवावा लागला आणि तो सिद्धान्तांकडे वळला. १८८१ साली (डार्विन तेव्हा हयात होता) साल्झबर्गच्या एका सभेत त्याने आयुष्याच्या लांबीवर व्याख्यान दिले. त्याचे म्हणणे असे, की मरण हा जीवनाचा मूळ गुणधर्म नव्हेच. ते मागाहून आले. शरीर अनेक पेशींचे झाले, कामांची वाटणी झाली. वंश पुढे नेण्याचे काम थोड्या पेशींकडे राहिले आणि बाकीच्यांनी हालचाल, पचन, संरक्षण वगैरे सांभाळले. पहिल्या चालू राहिल्या, दुसऱ्या मरणाधीन झाल्या.

ही वाटणी कशी झाली असेल, ते तळ्यातल्या व्हॉल्व्हॉक्स नावाच्या शेवाळात दिसते. डच कापडव्यापारी लेवेनहूक याने १७०० साली आपल्या भिंगाखाली हे हिरवे गोळे गरगर फिरताना पाहिले होते. त्यांच्या एका जातीत गोळ्याच्या पृष्ठभागावर सुमारे २००० लहान पेशी असतात. त्या शेपट्या हलवून गोळा पोहता ठेवतात, पण त्यांना पिले होत नाहीत. आत जेमतेम सोळा मोठ्या पेशी असतात, त्यांच्यापासून नवे गोळे तयार होतात. ते बाहेर पडले की जुन्या गोळ्यातल्या त्या दोन हजार वल्हेकरी पेशी मरून जातात. इथे प्रेत उरते! याच शेवाळाचा एकपेशीय भाऊबंद क्लॅमिडोमोनास. त्याची एकच पेशी आधी पोहते आणि मग विभागते, सगळे स्वतःच करते. त्याला अशी वाटणी ठाऊक नाही.

इथवर वाइसमान पटतो. पण हे मरण निसर्गाने का चालू ठेवले, याचे त्याने दिलेले उत्तर असे होते, की झिजलेले जीव जातीच्या उपयोगाचे नाहीत, उलट धडधाकटांची जागा अडवतात, म्हणून त्यांना जावे लागते. आपल्याकडे नाही का म्हणत, पिकले पान गळायचेच, नव्या पालवीला जागा द्यायची? सांत्वनाला गेल्यावर मीही हे पुष्कळदा बोललो आहे.

पुढे वाइसमाननेच या मताचा आग्रह सोडला. १९५१ साली लंडनमध्ये पीटर मेडावर यांनी त्यातली मेख दाखवली. म्हातारा झिजलेला असतो हे गृहीतच धरले, तर तो झिजतो का, हा प्रश्न तसाच राहतो. मेडावर यांचे उत्तर रूक्ष आहे. रानात भूक, रोग, शिकारी यांतून फार थोडे जीव उतारवयाला पोचतात. त्यामुळे उशिरा प्रकट होणारे दोष नैसर्गिक निवडीच्या चाळणीत अडकतच नाहीत, पिढ्यानपिढ्या साचत जातात. म्हणजे म्हाताऱ्यांना कोणी घालवत नाही, त्यांच्याकडे फक्त लक्ष दिले जात नाही. (पेन्शनच्या रांगेत उभे राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) जागा करून देण्याचा उदात्त हेतू त्यात कुठेच नाही. हे वाचल्यापासून ते पिकल्या पानाचे वाक्य बोलायला माझी जीभ रेटत नाही.

मग शरीरातल्या पेशी मरणाला नकार देऊ शकतात का? १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवले, की माणसाच्या साध्या पेशी काचेच्या भांड्यात सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात. न थांबणाऱ्या पेशी त्याच्या दहा वर्षे आधीच सापडल्या होत्या. त्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या कर्करोगाच्या गाठीतल्या, तिला न विचारता घेतलेल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. १९५१ च्या ऑक्टोबरात ती स्वतः एकतिसाव्या वर्षी गेली, त्याच पेशींनी.

जाता जाता एक. २००५ साली पॅरिसमध्ये एरिक स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय हे जिवाणू पिढ्यानपिढ्या विभागताना पाहिले. विभागलेल्या प्रत्येक जिवाणूचे एक टोक जुने असते, एक नवे. जुने टोक वारशाने घेत जाणारे जिवाणू थोडे हळू वाढताना दिसले. म्हणजे तिथेही आई कोण, हे काही अंशी सांगता येते म्हणायचे. या निष्कर्षावर पुढे वाद झाले. वर्गातले ते वाक्य मी अजून पुरते खोडलेले नाही.