फ्रेंच पॉलिनीशिया : राजकीय पक्ष व स्वायत्ततेचा प्रश्न

फ्रेंच पॉलिनीशिया हा दक्षिण पॅसिफिक महासागरातील, फ्रान्सच्या सार्वभौमत्वाखालील स्वायत्त द्वीपप्रदेश आहे. सोसायटी, तुआमोतू, गँबिए, मार्केसस व ऑस्ट्रल या पाच द्वीपसमूहांत मिळून सुमारे १२० बेटे येतात. लोकसंख्या सुमारे २ लाख ७९ हजार (२०२२) असून तिच्यापैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोक एकट्या ताहिती बेटावर राहतात. राजधानी पापेते हीही ताहितीवरच आहे. जमीन जेमतेम चार हजार चौ. किमी. असली, तरी भोवतालचे अनन्य आर्थिक सागरी क्षेत्र जवळजवळ ५० लाख चौ. किमी. भरते.

येथील पक्षांची विभागणी डावे आणि उजवे अशी होत नाही. पॅरिसशी संबंध कसे असावेत, या प्रश्नावर ती होते. एका बाजूला फ्रेंच प्रजासत्ताकात राहून जास्तीत जास्त अधिकार मागणारे स्वायत्ततावादी, तर दुसऱ्या बाजूला पूर्ण स्वातंत्र्य मागणारे स्वातंत्र्यवादी आहेत. मात्र ही रचना मूळची नव्हे. १९५० ते १९७० च्या दशकांत स्वायत्तता ही फ्रेंच सत्तेला आव्हान देणाऱ्यांची मागणी होती आणि फ्रान्सनिष्ठ गट तिला विरोध करीत. १९८० च्या सुमारास त्याच गटाने ती आपलीशी केली आणि स्वातंत्र्याच्या मागणीला उत्तर म्हणून पुढे आणली. येथील राजकारणाचा पुढचा सारा प्रवास या उलटापालटीवरून समजतो.

पार्श्वभूमी

राणी पोमारे चौथी हिच्या कारकिर्दीत, १८४२ मध्ये, ताहिती फ्रान्सच्या संरक्षणाखाली आले. त्याविरुद्ध ताहितीत १८४४ ते १८४६ या काळात सशस्त्र लढाही झाला. २९ जून १८८० रोजी राजा पोमारे पाचवा याने आपले राज्य फ्रान्सच्या स्वाधीन केले. दुसऱ्या महायुद्धानंतर सर्व रहिवाशांना फ्रेंच नागरिकत्व मिळाले, आणि १९४६ मध्ये या वसाहतीला ‘सागरपार प्रदेश’ हा दर्जा देण्यात आला. फ्रेंच पॉलिनीशिया हे नाव १९५७ पासून रूढ झाले.

पुवानाआ आ ओपा व पहिला लोकपक्ष

हुआहिने बेटावर जन्मलेले पुवानाआ आ ओपा (१८९५–१९७७) पेशाने सुतार होते आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढले होते. फ्रान्सहून आलेल्या अधिकाऱ्यांची भरती आणि स्थानिकांना मिळणारी दुय्यम वागणूक यांविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. लोक त्यांना ‘मेतुआ’ म्हणजे बाप म्हणत. १९४९ मध्ये ते फ्रेंच संसदेवर निवडून गेले आणि त्यांच्या अनुयायांनी आरडीपीटी हा ताहितीतील पहिला जनाधार असलेला पक्ष स्थापन केला. १९५३ मध्ये या पक्षाने प्रादेशिक विधानसभेत बहुमत मिळवले.

फ्रान्सच्या १९५६ च्या चौकट-कायद्याने सागरपार प्रदेशांना मर्यादित स्वशासन दिले. त्यानुसार पुवानाआ १९५७ मध्ये शासन परिषदेचे उपाध्यक्ष झाले. अध्यक्षपद मात्र गव्हर्नरकडेच राहिले. त्यांच्या सरकारने आणलेल्या प्राप्तिकराविरुद्ध पापेतेतील व्यापारी वर्ग एप्रिल १९५८ मध्ये रस्त्यावर उतरला आणि करप्रस्ताव मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला द गॉल यांच्या नव्या राज्यघटनेवर जनमत घेण्यात आले. नकार म्हणजे फ्रान्सपासून फारकत, असा त्याचा अर्थ होता. पुवानाआंनी नकाराचा प्रचार केला. सुमारे ६४ टक्के मतदारांनी होकार दिला.

दोन आठवड्यांच्या आत पुवानाआंना पापेते शहर जाळण्याचा कट केल्याच्या आरोपावरून अटक झाली. १९५९ मध्ये त्यांना आठ वर्षांचा तुरुंगवास आणि पंधरा वर्षांची हद्दपारी ठोठावण्यात आली. १९५६ च्या कायद्याने दिलेले अधिकारही मागे घेण्यात आले. पुवानाआ १९६८ मध्ये मायदेशी परतले आणि १९७१ मध्ये फ्रेंच सिनेटवर निवडून गेले. त्यांच्यावरील शिक्षा फ्रान्सच्या पुनर्विचार न्यायालयाने रद्द केली, ती मात्र ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी.

अणुचाचण्या व स्वायत्ततेची चळवळ

अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर सहारातील अणुचाचण्यांचे केंद्र फ्रान्सला फार काळ चालवता येणार नव्हते. पर्याय म्हणून तुआमोतू समूहातील मोरुरोआ आणि फांगाताउफा ही प्रवाळबेटे निवडण्यात आली. १९६३ मध्ये आरडीपीटी सरकारी हुकमाने विसर्जित झाला, आणि १९६४ मध्ये विधानसभेच्या स्थायी समितीने ही दोन्ही बेटे फ्रेंच राज्यसंस्थेला विनामूल्य दिली. पहिली चाचणी २ जुलै १९६६ रोजी आणि अखेरची २७ जानेवारी १९९६ रोजी झाली. एकूण १९३ चाचण्यांपैकी १९७४ पर्यंतच्या वातावरणात आणि त्यानंतरच्या भूगर्भात घेतल्या गेल्या.

चाचणी केंद्रामुळे बेटांचे अर्थजीवन काही वर्षांतच बदलले. खोबरे, व्हॅनिला, मोती-शिंपले यांवर चालणाऱ्या समाजात बांधकामाची मजुरी, सरकारी पगार आणि आयात माल आला. दूरच्या बेटांवरील माणसे ताहितीत येऊन स्थिरावली. लष्करी खर्चावर उभे राहिलेले हे अवलंबित्व पुढे स्वायत्ततेच्या प्रत्येक वादात आडवे आले.

आरडीपीटीचा वारसा दोन पक्षांनी चालवला : जॉन तेआरिकी यांचा ‘हेरे आइआ’ (देशप्रेम) आणि फ्रान्सिस सॅनफर्ड यांचा ‘एआ आपी’ (नवा मार्ग). सप्टेंबर १९६६ मध्ये द गॉल चाचणी पाहण्यासाठी आले असता तेआरिकी यांनी त्यांच्या समोरच चाचण्यांना विरोध नोंदवला. सॅनफर्ड १९६७ मध्ये फ्रेंच संसदेवर निवडून आले. दोन्ही पक्षांची मागणी अंतर्गत स्वायत्ततेची होती, फारकतीची नव्हे. तरीही पॅरिसला त्यात फुटीरतेची चाहूल लागे. अणुकार्यक्रम चालू असेपर्यंत या बेटांवरील पकड सैल करण्यास फ्रान्स तयार नव्हता. १९७६ मध्ये स्वायत्ततावाद्यांनी विधानसभेची इमारत ताब्यात घेतली आणि अनेक महिने सोडली नाही. अखेर जुलै १९७७ च्या कायद्याने प्रशासकीय व आर्थिक स्वायत्तता मंजूर झाली. गव्हर्नरऐवजी उच्चायुक्त आला आणि सॅनफर्ड शासन परिषदेचे उपाध्यक्ष झाले.

फ्लॉस व स्वायत्ततेचे नवे रूप

गास्तों फ्लॉस हे गॉलवादी गटाचे नेते आणि जाक शिराक यांचे निकटवर्ती होते. १९७७ मध्ये त्यांनी ‘ताहोएराआ हुइराआतिरा’ (लोकांची एकजूट) हा पक्ष काढला. प्रारंभी स्वायत्ततेच्या विरोधात असलेल्या या पक्षाने १९८० च्या सुमारास भूमिका बदलली आणि १९८२ च्या निवडणुकीनंतर सत्ता घेतली. मितराँ यांच्या समाजवादी राजवटीत ६ सप्टेंबर १९८४ रोजी अंतर्गत स्वायत्ततेचा कायदा झाला. सरकारचा प्रमुख आता उच्चायुक्त नसून विधानसभेने निवडलेला अध्यक्ष होता. फ्लॉस हे पहिले अध्यक्ष. प्रदेशाला स्वतःचा ध्वजही मिळाला.

फ्लॉस यांनी २९ जून हा दिवस स्वायत्तता दिन ठरवला. १८८० मध्ये राज्य फ्रान्सच्या हाती गेले, तीच ही तारीख. स्वायत्ततावादी त्या दिवशी मिरवणुका काढतात, तर स्वातंत्र्यवाद्यांच्या लेखी तो सामीलीकरणाचा शोकदिन असतो.

स्वातंत्र्यवादी पक्ष

स्वातंत्र्याची उघड मागणी करणारे पक्ष १९७० च्या दशकात उदयाला आले. ‘इआ माना ते नुनाआ’ (सत्ता लोकांना मिळो) हा १९७५ चा समाजवादी विचारांचा पक्ष. तो मुख्यतः सुशिक्षित वर्गात रुजला. सीमाशुल्क खात्यात नोकरी केलेल्या ऑस्कार तेमारू यांनी १९७७ मध्ये पॉलिनीशिया मुक्ती आघाडी स्थापन केली. १९८३ पासून ती ‘तावीनी हुइराआतिरा’ (लोकसेवक) या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी तेमारू पापेतेलगतच्या फाआआ या नगराचे महापौर झाले. विमानतळ असलेले हे नगर इतर बेटांहून आलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांचे असून पक्षाचा बालेकिल्ला आहे. तावीनीच्या भाषेत ताहितीय संस्कृती, ख्रिस्ती श्रद्धा आणि अणुविरोध एकत्र येतात. बहुसंख्य जनतेचे प्रॉटेस्टंट चर्चही अणुचाचण्यांच्या विरोधात उभे राहिले. देशासाठी हा पक्ष ‘माओही नुई’ हे नाव वापरतो.

राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी १९९५ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा सप्टेंबरमध्ये फाआआ विमानतळावर आणि पापेतेत जाळपोळ झाली. चाचण्या थांबल्यावरही तावीनीचा पाठिंबा वाढत राहिला.

२००४ चा कायदा

फ्रान्सच्या २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर २७ फेब्रुवारी २००४ च्या मूलभूत कायद्याने सध्याची चौकट आखून दिली. तिच्यानुसार नागरिकत्व, न्यायदान, संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन, सार्वजनिक सुव्यवस्था असे नेमके नोंदलेले विषय फ्रेंच राज्यसंस्थेकडे आहेत. उरलेले सर्व स्थानिक सरकारचे. भारतात अवशिष्ट अधिकार केंद्राकडे आहेत, इथे त्याच्या उलट स्थिती आहे. कर, आरोग्य, शालेय शिक्षण, जमीन, कामगार, सागरी संपत्ती हे विषय स्थानिक कक्षेत येतात. रोजगार आणि जमीन यांबाबत स्थानिक रहिवाशांना प्राधान्य देण्याचीही मुभा आहे.

या स्वायत्ततेला दोन ठळक मर्यादा आहेत. विधानसभेचे ‘देशाचे कायदे’ हे फ्रेंच कायद्याच्या दृष्टीने प्रशासकीय आदेश ठरतात आणि पॅरिसमधील राज्य परिषद (सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय) ते रद्द करू शकते. न्यू कॅलेडोनियातील अशा कायद्यांना मात्र खऱ्या कायद्याचे बळ असते. दुसरी मर्यादा भाषेची. राजभाषा फ्रेंचच असल्याने, सभागृहात ताहितीय भाषेत बोलण्याची मुभा देणारा नियम राज्य परिषदेने २००६ मध्ये रद्द केला. व्यवहारात सदस्य ताहितीय भाषेत बोलत आले आहेत.

अस्थैर्याचा काळ (२००४–२०१३)

फ्लॉस यांच्या पुढाकाराने निवडणूक पद्धतीत विजेत्या यादीला जादा जागा देण्याची तरतूद आली होती. मे २००४ मध्ये तिचा फायदा विरोधकांना झाला. तावीनीच्या नेतृत्वाखालील आघाडीने ताहिती व मोओरेआच्या मतदारसंघात काहीशे मतांनी आघाडी घेऊन त्या जागा पटकावल्या, आणि छोट्या पक्षांच्या साथीने तेमारू अध्यक्ष झाले. ऑक्टोबरमध्ये अविश्वास ठरावाने ते पायउतार झाले आणि फेब्रुवारी २००५ च्या फेरनिवडणुकीनंतर परतले. पुढे तेमारू, फ्लॉस आणि ताहोएराआतून फुटून वेगळा पक्ष काढणारे गास्तों तोंग सांग यांच्यात सत्ता सतत फिरत राहिली. नऊ वर्षांत तेमारू पाच वेळा अध्यक्ष झाले. २००७ मध्ये तर फ्लॉस यांच्या पाठिंब्याने तेमारू सत्तेवर आले. दूरच्या बेटांचे प्रतिनिधी आपल्या बेटासाठी धक्का, धावपट्टी वा निधी मिळवण्याच्या अपेक्षेने बाजू बदलत. त्यामुळे पक्षनिष्ठा पातळ झाली.

फ्रेंच संसदेने २०११ मध्ये नियम बदलले. संपूर्ण प्रदेश एक मतदारसंघ धरण्यात आला, त्याचे आठ विभाग पडले आणि विजेत्या यादीला ५७ पैकी १९ जागा बक्षीस मिळू लागल्या. पर्यायी नेता सुचवल्याशिवाय सरकार पाडता येणार नाही, हे २००७ मध्येच ठरले होते. २०१३ मध्ये फ्लॉस यांनी ३८ जागा जिंकल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये बनावट नोकऱ्यांच्या प्रकरणातील शिक्षेमुळे त्यांना पद सोडावे लागले आणि एदुआर फ्रिच अध्यक्ष झाले. फ्लॉस यांच्याशी बिनसल्यावर फ्रिच यांनी २०१६ मध्ये ‘तापुरा हुइराआतिरा’ हा स्वायत्ततावादी पक्ष स्थापन केला. २०१८ मध्ये त्यालाही ३८ जागा मिळाल्या. स्वायत्ततेचे शिल्पकार फ्लॉस स्वतः उतारवयात फ्रान्सशी संलग्न अशा सार्वभौम राज्याची कल्पना मांडू लागले.

संयुक्त राष्ट्रे व वादाचे मुद्दे

१७ मे २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सॉलोमन बेटे, नाउरू व तुवालू यांनी मांडलेल्या ठरावाद्वारे फ्रेंच पॉलिनीशियाचा स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत पुन्हा समावेश केला. १९४७ मध्ये फ्रान्सने हे नाव यादीतून काढून घेतले होते. योगायोग असा, की त्याच दिवशी पापेतेत या ठरावाचे विरोधक फ्लॉस अध्यक्षपदी निवडले गेले.

स्वायत्ततावाद्यांचा युक्तिवाद असा : शिक्षकांचे पगार, सुरक्षा आणि सार्वजनिक गुंतवणूक यांचा मोठा भार फ्रान्स उचलतो, विखुरलेल्या बेटांना तो एकट्याने पेलणारा नाही. स्वातंत्र्यवादी विशाल सागरी क्षेत्राकडे बोट दाखवतात आणि अणुचाचण्यांनी फ्रान्सवर चढलेल्या ऋणाची आठवण देतात. पीडितांना भरपाई देणारा कायदा फ्रान्सने २०१० मध्ये केला. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी ताहितीत हे ऋण मान्य केले, पण माफी मागितली नाही.

न्यू कॅलेडोनियात स्वातंत्र्याचा प्रश्न मूळ कनाक आणि स्थायिक युरोपीय यांच्यातील तेढीशी जोडलेला आहे. इथे पॉलिनीशियन लोकांचेच मोठे बहुमत आहे; मतभेद त्यांच्याच घरात आहेत आणि एकाच कुटुंबात दोन्ही बाजू आढळतात. शिवाय मार्केससमध्ये पॅरिसइतकाच ताहितीच्या वर्चस्वालाही विरोध आहे. तेथील काही नेत्यांनी ताहितीपासून वेगळे होऊन थेट फ्रान्सशी जोडले जाण्याचा पर्याय मांडला.

सद्यःस्थिती

२०२२ मध्ये तावीनीने फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील तिन्ही जागा जिंकल्या. एप्रिल-मे २०२३ च्या प्रादेशिक निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते घेऊन या पक्षाने ५७ पैकी ३८ जागा मिळवल्या आणि तेमारू यांचे जावई मोएताई ब्रदरसन अध्यक्ष झाले. विजयामागे महागाई आणि कोविडकाळातील कारभारावरची नाराजी होती, तसेच विरोधी मते विभागली गेली होती. त्यामुळे हा स्वातंत्र्याचा कौल नव्हे, असे स्वायत्ततावादी म्हणतात. ब्रदरसन यांनीही सार्वमत दहा-पंधरा वर्षांनी घ्यावे, तोवर अर्थव्यवस्था सावरावी, अशी भूमिका घेतली. तेमारू व पक्षातील जुने नेते अधिक वेगाचा आग्रह धरतात. २०२४ च्या संसदीय निवडणुकीत तावीनीकडे तीनपैकी एकच जागा उरली.

न्यू कॅलेडोनियात १९९८ च्या नुमेआ कराराने सार्वमताचा कार्यक्रम ठरला होता आणि २०१८, २०२० व २०२१ मध्ये तशी मतदाने झाली. फ्रेंच पॉलिनीशियासाठी असा करार झालेला नाही. त्यामुळे स्वातंत्र्यवादी सरकार सत्तेवर असूनही ते स्वायत्ततेच्याच कायद्याखाली कारभार करते, आणि सार्वमताचा मार्ग पॅरिसच्या संमतीवर अवलंबून राहतो.