सांभरचे शंभर तास

राजस्थानातलं सांभर सरोवर जयपूरहून साधारण ऐंशी किलोमीटरवर आहे. देशाच्या अंतर्भागातलं हे सर्वांत मोठं खाऱ्या पाण्याचं सरोवर, १९९० पासून रामसर यादीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इथे अठरा हजारांहून जास्त पक्षी मेले. त्या घटनेच्या तारखा सापडतात: १० तारखेला बोभाटा, १४ ला भोपाळहून उत्तर, २१ ला बरेलीहून निदान. पण या तारखा कागदाच्या. रोग तासांच्या हिशोबाने चालला होता. खालचे तास एका कलेवरापासून मोजलेत. ते पाखरू कल्पनेतलं आहे, पण बॉट्युलिझमची, म्हणजे जिवाणूच्या विषाने येणाऱ्या या रोगाची, चाल अशीच असते.

चार महिने आधी

त्या वर्षी पाऊस झकास झाला. वर्षानुवर्षं कोरडे राहिलेले सरोवराचे भाग भरले. गोड पाणी आलं तसे किडे, चिमुकले कवचधारी जीव, शेवाळ यांची रेलचेल झाली. पावसाळा सरला, पाणी हटू लागलं, खारटपणा वाढला आणि हे जीव चिखलातच मरू लागले. कुजणारं मांस, उबदार चिखल आणि प्राणवायूचा अभाव. क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूला आणखी काय हवं? त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतात. काठ भरलेला बघून उत्तरेकडून आलेली पाखरं मात्र खुशीत उतरली.

शंभर तास आधी

बदकांच्या जातीतला एक थापट्या मरतो. कशाने, हे गौण आहे. तारेला धडकला असेल, म्हातारा असेल, किंवा चिखलातून विष पोटात गेलं असेल. पाणथळीवरच्या धडधाकट पक्ष्यांच्याही आतड्यांत हे बीजाणू असतात, आणि जिवंतपणी ते काही करत नाहीत. श्वास थांबला की शरीरातला प्राणवायू संपतो आणि बीजाणू जागे होतात.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. विष बनवण्याची कला या जिवाणूची स्वतःची नाही. पक्ष्यांना मारणाऱ्या 'सी' प्रकारात विषाचं जनुक एका विषाणूकडून येतं. त्या विषाणूची लागण झालेला जिवाणूच घातक ठरतो. विषाणू जिवाणूत, जिवाणू मेलेल्या बदकात, आणि बदक उथळ पाण्यात, काठापासून चार पावलांवर.

नव्वद तास आधी

माश्या येतात. डोळे, चोच, जखम, जिथे ओल तिथे अंडी.

बहात्तर तास आधी

उन्हात कलेवर फुगलंय. पंचवीस ते चाळीस अंश तापमान या जिवाणूला मानवतं, आणि सडतं मांस स्वतःची ऊब धरून ठेवतं. अंडी फुटली आहेत, अळ्या आत शिरल्या आहेत. त्या विषासकट मांस खातात आणि त्यांना काहीच होत नाही. अळीच्या पोटात विष साठत जातं.

चोवीस तास आधी

थापट्याची कातडी आता आतून हलते आहे. एका बदकाच्या कलेवरात काही हजार अळ्या पोसल्या जातात, आणि एका बदकाला आडवं करायला तीन-चार अळ्या पुरतात. हा हिशोब ज्याच्या डोक्यात एकदा बसला त्याला पुढचं सगळं कळलं. या घटकेला एखाद्याने हातमोजे घालून ते कलेवर उचललं असतं, तर या एका थापट्याची गोष्ट इथेच संपली असती. पण दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या दलदलीत एक मेलेलं बदक शोधायला कोण फिरतंय?

शून्य तास

अळ्या कोशात जाण्यासाठी कलेवराबाहेर पडतात. पाण्याच्या कडेला पांढुरक्या, लठ्ठ, वळवळणाऱ्या अळ्यांची रांग लागते. शेकाट्या, उचाट्या, चिखल्या, थापट्या यांच्यासाठी ही पंगत आहे. सांभरच्या मृतांत किडे, अळ्या आणि चिखलातले जीव खाणाऱ्यांचा भरणा होता तो यामुळेच.

इथून पुढे एका मरणाची अनेक मरणं होतात.

शून्यानंतर, पहिला दिवस-दीड दिवस

विष मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन बसतं आणि स्नायूला पोहोचणारा संदेश अडवतं. स्नायू ताठत नाही, नुसता ढिला पडतो. आधी पाय जातात. शेकाट्याचे ते लांब गुलाबी पाय दुमडतात आणि तो चिखलात बसकण मारतो. बदकाला उडता येईनासं झालं की ते पंखांनी पाणी वल्हवत सरकतं, पाय मागे फरपटतात. माणूस जवळ गेला की धडपडतं, चार हात जातं, थांबतं. मग पंखही जातात. पापणीच्या आतला पातळ पडदा डोळ्यावर येऊन अर्धवट अडकतो. शेवटी मान. ती आधी डुलते, मग जमिनीला टेकते.

शुद्ध मात्र बराच वेळ असते. आजाराचा हा भाग वाचून मी पुस्तक मिटलं होतं. पाण्यात असलेलं बदक विषाने मरण्याआधीच बुडतं, कारण चार बोटं पाण्यातून डोकं वर काढायचं बळ त्याच्या मानेत उरत नाही. आणि ते मेलं की माश्या येतातच.

१० नोव्हेंबर

सरोवरावर फिरणाऱ्यांना काठाने पसरलेली पाखरं दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा हजार-दीड हजारांचा आहे. पहिला संशय बर्ड फ्लूचा, आणि तो रास्तच होता. कोंबड्यांचा आणि माणसांचा प्रश्न असतो. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेकडे रवाना होतात. राजस्थान उच्च न्यायालय स्वतःहून दखल घेतं.

१४ नोव्हेंबर

भोपाळचं उत्तर: बर्ड फ्लू नाही. दरम्यान चार दिवस गेलेत, म्हणजे एका कलेवराचे जवळपास शंभर तास. बीकानेरच्या पशुवैद्यकांना लक्षणांवरून बॉट्युलिझमचा वास आला होता. ताप नाही, नाकातून स्राव नाही, धाप नाही, फक्त लुळेपणा. माझं मत विचाराल तर नावाची वाट बघायची गरजच नव्हती. रोग कुठलाही असो, मेलेली पाखरं उचलायचीच असतात. उचलणं सुरू झालं होतं, पण सुरुवातीचे हात तोकडे होते. चिखल मांडीपर्यंत, वाहन आत जात नाही, बोट तळाला टेकते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं, वनखातं, पशुसंवर्धन आणि स्वयंसेवक गोणी घेऊन पायीच उतरले. खड्डे खणून पाखरं पुरली.

२१ नोव्हेंबर

बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा अहवाल: एव्हियन बॉट्युलिझम. तोवर आकडा अठरा हजारांच्या घरात.

काचरोदा इथल्या तात्पुरत्या केंद्रात जिवंत सापडलेली पाखरं ठेवली होती. इथे औषधापेक्षा शुश्रूषा मोठी. सावली, घशाखाली थेंब थेंब गोडं पाणी, मान टेकवायला उंचवटा. जो पक्षी अजून मान धरू शकतो तो विषाचा जोर ओसरेपर्यंत तगला तर बहुधा उठतो. त्यातली बरीचशी पुढे सोडलीही. हेच थापटे, शेकाटे हिवाळ्यात आपल्या उजनीवर आणि जायकवाडीवरही उतरतात, तेव्हा धरणाकाठच्या मंडळींनी ही लक्षणं पाठ करून ठेवायला हरकत नाही: बसलेलं बदक, लुळे पाय, लोंबती मान, आणि जवळपास कुठेतरी अळ्या पडलेलं जुनं कलेवर.

ऑक्टोबर २०२४

सांभरला पुन्हा तेच. पुन्हा परतीच्या पावसानंतरचे दिवस, पुन्हा बॉट्युलिझम. या खेपेला पथकं रोज दलदलीत उतरून मेलेली पाखरं गोळा करत होती. आकडा काही शेंवर थांबला.