निंबावरची गुळवेल आणि परळचे ३० जण

तुळजाभवानीचं दर्शन आटोपून तुम्ही महाद्वारातून बाहेर पडता तेव्हा कानात अजून संबळ घुमत असतो. कवड्यांच्या माळांची, परड्यांची दुकानं मागे टाकत तुम्ही घाटशीळच्या वाटेला लागता. उन्हाळ्यात बालाघाटचा हा उतार पार करपलेला असतो. तरी एका कडुलिंबावर वेल चढलेली दिसते, हिरवीगार. विड्याच्या पानासारखी पानं, फांद्यांवरून सुतळीसारखी लोंबणारी मुळं. खोडावर नख फिरवलं की कागदासारखी साल सुटते आणि आतला हिरवा रंग उघडा पडतो.

गुळवेल. अमृता, गुडूची ही तिचीच नावं. लंकेच्या युद्धात मेलेल्या वानरांवर इंद्रानं अमृत शिंपडलं आणि त्यांच्या अंगावरून जिथं थेंब सांडले तिथं ही वेल उगवली, अशी तिची कथा. आणि तुम्ही उभे आहात ते घाटशीळजवळ, जिथून भवानीनं रामाला लंकेची वाट दाखवली असं तुळजापूर मानतं. एकाच युद्धाच्या दोन कथा या उतारावर अशा जवळजवळ याव्यात, याचा मला फार आनंद वाटतो.

"काय बघायलाव?" झाडाखालच्या ओट्यावरून एक मावशी विचारतात. त्यांच्या हातात रसाचा पेला आहे. "निंबावरची हाय. घ्या की घोटभर."

तुम्ही घेता. कडू जहर. डोळे आपोआप मिटतात.

उघडतात ते मुंबईत, परळला. नव्वदच्या दशकाची नुकती सुरुवात आहे. गिरण्यांच्या चिमण्या उभ्या आहेत, धूर बहुतेकींचा थांबलेला आहे. समोर १९२६ साली सुरू झालेलं केईएम रुग्णालय. तुम्ही सर्जरीच्या वॉर्डात शिरता. खाटेवरच्या माणसाचे डोळे हळदीसारखे पिवळे आहेत. कातडीला इतकी खाज आहे की नखांचे ओरखडे हातभर उमटले आहेत. पित्तनलिकेत अडथळा आला आहे. पित्त आतड्यात न उतरता रक्तात मिसळतं आहे. शस्त्रक्रिया हवी, पण अशा काविळीत शरीराची झुंजायची ताकदच बसते. ऑपरेशन नीट होतं आणि नंतर रक्तात जंतू पसरून माणूस जातो. म्हणून आधी नळी घालून साचलेलं पित्त बाहेर काढतात आणि वाट पाहतात.

या वाट पाहण्याच्या दिवसांत काय देता येईल? सर्जन आर. डी. बापट यांच्या वॉर्डातला हा प्रश्न औषधशास्त्र विभागात पोहोचला आहे. तिथं डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांचे सहकारी आहेत. मराठी वाचकाला डहाणूकर 'वृक्षगान' आणि 'फुलवा' लिहिणाऱ्या म्हणून ठाऊक असतात. झाडावर जीव असलेली ही बाई झाडाच्या औषधी गुणांवर नुसता विश्वास ठेवून थांबत नाही, मोजायला बसते. तो जीव आणि ही मोजणी मला वेगळी काढता येत नाही.

प्रयोगशाळेत मावशींच्या पेल्यातलं काही नाही. गुळवेलीच्या खोडाचा पाण्यात काढलेला अर्क आहे, मात्रा ठरवून दिलेला: दर किलो वजनामागे दिवसाला १६ मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ८०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमहूनही कमी. ३० रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले आहेत. दोन्ही गटांना के जीवनसत्त्व, प्रतिजैविकं आणि पित्ताची नळी. एका गटाला त्याशिवाय गुळवेल.

तुम्ही सूक्ष्मदर्शकावर वाकता. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंसोबत ठेवल्या आहेत. किती पेशींनी जंतू गिळले, गिळलेल्यांपैकी किती मारले, हे मोजायचं आहे. मान अवघडते, डोळ्यांत पाणी येतं, एक काच संपली की दुसरी. "रोगप्रतिकारशक्ती वाढते" हे वाक्य बोलायला श्वासभर वेळ लागतो. ते खरं आहे का हे पाहायला अशा काचा लागतात.

निष्कर्ष १९९३ साली छापून येतात. यकृताचं काम दोन्ही गटांत सारखंच राहिलं. त्या बाबतीत गुळवेलीनं काही जास्त केलं नाही. पण पेशींची गिळण्या-मारण्याची ताकद गुळवेल घेणाऱ्यांमध्येच पूर्ववत झाली. दुसऱ्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतू पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचले ते ४० टक्के आणि ९२.४ टक्के. हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो. तरी ३० माणसं म्हणजे ३० माणसंच. दार किलकिलं झालं, इतकंच म्हणावं.

याच रुग्णालयाशी जोडलेलं आणखी एक वर्ष तुमच्या डोळ्यांसमोरून सरकतं, १९४९. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन केलेल्या नोंदी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आल्या आहेत आणि जगभरचे डॉक्टर या मुळीकडे वळू लागले आहेत. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतले शास्त्रज्ञ तिच्यातून रिसर्पिन वेगळं करतील. रक्तदाब उतरेल, आणि काही रुग्णांचं मनही खचेल. मुळीत गुण होता. तो कुणाला, किती आणि कशाच्या बदल्यात, हे मोजल्यावर कळलं.

जिभेवरचा कडूपणा पुन्हा वर येतो. आता २०२० आहे. तुळजापूरचं मंदिर बंद आहे, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत उघडणार नाही. घरोघरी काढा उकळतो आहे. कुंपणावरची वेल लोक हातभर तोडतात, चव घेऊन ओळखतात, अंदाजानं पितात, रोज, महिनोन् महिने. भीतीच तशी होती. त्यांना दोष कसा द्यावा?

सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांकडे सहा रुग्ण येतात. डोळे पिवळे. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद छापली; लक्षणं साधारण दीड महिन्यानंतर दिसू लागली होती. शरीराचीच फौज यकृतावर उलटावी, तसं बऱ्याच जणांत दिसत होतं. ज्यांच्यात ही प्रवृत्ती आधीच दबून असते, त्यांच्यात गुळवेल ती जागी करत असावी, असं डॉक्टरांचं अनुमान. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: ही खरी गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी, त्याच कुळातली दुसरी वेल?

आक्षेप रास्त असो वा नसो, तो खोडून काढायलाही प्रयोगशाळाच लागते. खोडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, चाकाच्या आऱ्यांसारखी त्याची रचना तपासायची. अर्काचा थेंब लेप दिलेल्या काचेवर ठेवून द्रावक वर चढू द्यायचा आणि उमटलेले पट्टे ओळखीच्या गुळवेलीच्या पट्ट्यांशी ताडून पाहायचे. नुसतं पान बघून नाव ठोकणं पुरत नाही.

डोळे उघडतात. कडुलिंब, ओटा, ऊन. पेला तुमच्या हातात तसाच आहे.

"मावशी, रोज घेता?"

"दोन वर्षं झाली. सकाळी पेलाभर."

"आणि गोळ्या?"

"सांधेवाताच्या हायत की. सरकारी दवाखान्यातल्या."

"डॉक्टरांना सांगितलंय का, हा रस घेता ते?"

मावशी हसतात. "आता झाडपाल्याचं काय सांगायचं डॉक्टरला?"

तुम्ही पेला बाजूला ठेवता, त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकता आणि परळच्या त्या ३० जणांपासून सांगायला सुरुवात करता.