दाखल-खारीज

तुमसरहून सिहोऱ्याकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. पुढे चांदपूरचा तलाव. या बाजूला पोवार, गोंड, ढिवर, महार अशी सारी वस्ती शेजारी-शेजारी नांदते. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते मात्र शाळेच्या कपाटातल्या एका वहीबद्दल. तुम्ही गुरुजी असाल तर ती तुमच्या रोजच्या हातातली आहे. दाखल-खारीज!

मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या दिवशी आले, कधी गेले आणि का गेले, एवढेच तिच्यात असते. जातपडताळणीसाठी लोक तिच्या शोधात येतात. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांची एक ओळ सापडली की उतारा घेतात आणि वही मिटते. पान मात्र कोणी वाचत नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच.

कारण अशी पाने वाचूनच या देशात मोठी कामे झाली आहेत. १८८२ साली हंटर आयोग आला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पुण्याहून त्याला निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे म्हणणे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी. (कायद्याने तो हक्क अंमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. हिशेब तुम्हीच करा.)

त्याच सुमाराचे आकडे बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे उपयोगात आणले. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला निवेदन देताना त्यांनी ते मांडले. १८८१-८२ मध्ये साऱ्या मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांतून अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले २,८६२. त्यावरच्या, म्हणजे मिडल शाळांत किती? सतरा! हायस्कुलात आणि कॉलेजात एकही नाही. आपला भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता, म्हणून हे आकडे आपले नव्हेत. पण रीत आपली आहे. कोण आत आले हे मोजायचे, आणि पुढच्या पायरीवर ते कुठे गळाले ते पाहायचे.

बाबासाहेबांनी तेथे एक प्रकरणही सांगितले आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो दिला नाही. एका मुलासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होईल, असा सूर होता. प्रकरण कलकत्त्याला गेले, विलायतेला गेले. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे मान्य केले. कागदावर तत्त्व ठरले खरे. पण चोवीस वर्षांनी मिडल शाळांतली मुले सतराच होती, हे विसरू नका.

तेव्हा गुरुजी, एखाद्या सुट्टीत एकच जुने वर्ष उघडा. पहिलीत मुली किती, चौथीपर्यंत किती उरल्या, खारीज होण्याचे कारण काय लिहिले आहे, हे मोजा. रोवणीच्या महिन्यात किती नावे गेली, तेही पाहा. विद्यापीठातला संशोधक याहून फार वेगळे काही करीत नाही. त्याला तर बहुधा तुमचे गावही ठाऊक नसते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. मूल घरी पोवारी बोलते की गोंडी, आणि शाळेच्या मराठीतले पहिल्या दिवशी त्याला काय उमगले, हे कोणत्याच रकान्यात मावत नाही. आणि काही माणसे वहीत आलीच नाहीत. सिहोऱ्यात एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, "आजी, तुमचे नाव शाळेतून कधी काढले?" त्या हसल्या. म्हणाल्या, "नाव काढाले आधी टाका लागते ना, बाबू."