करंबळाची साडेचारशे वर्षे

गोव्यातल्या एका घरी दोन वैद्य बोलत बसले आहेत. विषय कापराचा चालला आहे. बोलता बोलता यजमान घरातल्या दासीला, अंतोनियाला, हाक मारतो आणि समोरच्या झाडाची एक-दोन फळं तोडून आणायला सांगतो. पाहुणा चाखतो. आंबटगोड आहे, फार आंबट नाही, असं त्याचं मत पडतं. थोड्या वेळाने पुन्हा अंतोनियाला हाक जाते, या वेळी त्याच फळाचा मुरांबा घेऊन ये म्हणून.

यजमान म्हणजे गार्सिया द ओर्ता, १५३४ साली गोव्यात उतरलेला पोर्तुगीज वैद्य. रुआनो हा पाहुणा त्याने कल्पनेने उभा केला आहे. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला आणि त्यातल्या बाराव्या संवादात कापराच्या शेपटाला हे फळ येतं: करंबळ, हिंदीत कमरख, बंगालीत कामरांगा, आडवं कापलं की तारा दिसतो म्हणून आताच्या दुकानांत स्टार फ्रूट. ओर्ताची सवय अशी की वस्तू दिसली की तिची नावं विचारायची. इथेही त्याने मलबारातलं नाव दिलं, दख्खनमधलं वेगळं दिलं, मलायी लोकांचंही दिलं. आम्ही मलबारातलं ‘कारांबोला’ उचललं, कारण आमची पहिली ओळख त्याच प्रदेशाशी झाली, असा त्याचा खुलासा आहे.

इंग्रजी कोश मात्र हा शब्द पोर्तुगीजांनी मराठीतून घेतला असं सांगतात. मोल्सवर्थच्या कोशात ‘करंबळ’ आहेच, त्यामुळे आपण फुशारून जायला हरकत नाही. तरी मी ओर्ताच्या बाजूने आहे, कारण तो त्या काळात, त्या किनाऱ्यावर होता. मागे संस्कृत ‘कर्मरंग’ आहे, त्यातून ओडियात करमंगा झालं, असमियात मात्र कर्दै आणि कन्नडमध्ये दारेहुळी अशी निराळ्याच मुळांची नावं रुळली. (कोकणातल्या वाचकांसाठी: रानात मोठ्या पांढऱ्या फुलांचा जो ‘करमळ’ असतो तो वेगळा. नावाच्या सारखेपणाने अनेकजण फसतात.)

बिलियर्ड्सच्या खेळात एका चेंडूने दोन चेंडूंना टिपण्याला फ्रेंचमध्ये ‘कारांबोलाज’ म्हणतात. हा शब्द असा का, ते आपल्याला कळत नाही, असं ‘हॉब्सन-जॉब्सन’च्या संपादकांनी १८८६ साली सरळ लिहून टाकलं. काही कोशकार मात्र त्याचं नातं या फळाशी जोडतात, आणि तोच शब्द इंग्रजीत आखडून ‘कॅरम’ झाला. ते खरं असेल तर गल्लीगल्लीत बोरिक पावडर उडवत खेळल्या जाणाऱ्या खेळाचं नाव आपल्याच किनाऱ्यावरून निघून युरोप फिरून घरी परतलं आहे.

बाबराने आपल्या आठवणींत याला पाच बाजू असतात असं नोंदवलं. लिन्सखोटन हा डच माणूस काही वर्षं गोव्यात राहूनही आठ कोपरे मोजून बसला. लिनियसने १७५३ साली या फळाच्या कुळाला ‘अ‍ॅव्हेरोआ’ म्हटलं, म्हणजे कोर्दोबाच्या इब्न रुश्दचं नाव दिलं. तो तत्त्वज्ञ होता आणि वैद्यही. त्या कुळात लिनियसने करंबळ आणि बिलिंबी घातली, ते ठीकच. रायआवळाही घातला, तो पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी काढून आवळ्याच्या घरात नेला. १७८५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात रॉबर्ट ब्रूस या डॉक्टरचा बंगालमधून पाठवलेला वृत्तांत छापून आला: या झाडाची पानं स्पर्शाने लाजाळूसारखी मिटतात. अंगणात करंबळ असलेल्यांनी संध्याकाळी नुसतं बघत उभं राहावं, पानं आपोआप खाली झुकू लागतात. जांभळट गुलाबी फुलांचे घोस जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर येतात. झाड फार उंच जात नाही. बी लवकर मरतं, म्हणून फळातून काढल्यावर दोन-चार दिवसांतच पेरावं, आणि हमखास गोड फळ हवं असेल तर कलमच लावावं.

या झाडाच्या दोन तऱ्हा आहेत, आंबट आणि गोड. आपल्याकडची बहुतेक झाडं आंबट. त्याचं लोणचं, मुरांबा, माशाच्या कालवणात चिंचेऐवजी फाका, आणि मीठ-तिखट लावून शाळेबाहेर हातगाडीवर. आंबट करंबळाच्या रसाने पितळेची भांडीही उजळतात, कारण त्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. औषधाचं तर विचारूच नका. भावप्रकाशात कर्मरंग थंड आणि ग्राही म्हणून आलं आहे, ओर्ताही मुरांबा औषध म्हणून देत असे, आणि ‘साखर उतरते’ म्हणून आजही रस पिणारे भेटतात.

पोर्तुगीज भाषा ज्या ज्या किनाऱ्यांवर गेली तिथे हे फळ त्याच नावाने गेलं. एकोणिसाव्या शतकात ते ब्राझीलमध्ये पोचलं आणि परसात रुजलं. तिथल्या साओ पाउलो राज्यात १९९०च्या दशकात डायलिसिसवरचे काही रुग्ण एकाच विचित्र तक्रारीने डॉक्टरांकडे येऊ लागले. त्यांना न थांबणारी उचकी लागलेली होती. मग उलट्या, भ्रम, आणि काहींना झटके. विचारल्यावर सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली: काही तासांपूर्वी कारांबोला खाल्ला होता, किंवा रस प्यायला होता. रिबेराव प्रेतोच्या डॉक्टरांनी २००३ साली अशा ३२ रुग्णांची हकिगत छापली. ज्यांचं तातडीने नीट हिमोडायलिसिस झालं ते सावरले. तीव्र विषबाधा झालेल्यांपैकी ज्यांना ते मिळालं नाही, ते वाचले नाहीत. काहींनी जेमतेम अर्धं फळ खाल्लं होतं.

विष सापडायला आणखी दहा वर्षं लागली. २०१३ साली त्याच शहरातल्या शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. फेनिलअलानिन या अमिनो आम्लासारखा त्याचा रेणू, मेंदूतल्या ग्लुटामेटच्या ग्राहकांना चेतवणारा. निरोगी मूत्रपिंडं तो गाळून बाहेर टाकतात. निकामी झालेली टाकू शकत नाहीत, मग तो रक्तात साचून मेंदूपर्यंत पोचतो. शास्त्रज्ञांनी त्याला ‘कॅरंबॉक्सिन’ म्हटलं. ओर्ताच्या ग्रंथाला तेव्हा बरोबर साडेचारशे वर्षं झाली होती, आणि त्याने लिहून ठेवलेला शब्द आता विषाच्या नावात होता.

इतकी वर्षं कोणाच्याच हे कसं लक्षात आलं नाही? ओर्ता निष्काळजी नव्हता, भावप्रकाशकारही नव्हते. मला वाटतं, उत्तर डायलिसिसच्या यंत्रात आहे. ते येण्याआधी मूत्रपिंडं गेलेला माणूस जगतच नसे, आणि जो मरणाच्या वाटेवर असे त्याला रक्तात साचलेल्या घाणीनेही उचकी लागते, भ्रम होतो. अशा माणसाला कोणी तोंडाला चव यावी म्हणून करंबळाची फाक दिली असेल आणि तो दुसऱ्या दिवशी गेला असेल, तर दोष आजारावर गेला. फळाला वेगळं पकडायला मूत्रपिंडांशिवाय वर्षानुवर्षं जगणारी, परसात फिरणारी, फळं तोडून खाणारी माणसं लागतात, आणि ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पहिल्यांदा निर्माण झाली.

ऑक्झॅलिक आम्लाची गोष्ट याहून वेगळी आहे. तिथे निरोगी माणूसही सुटत नाही. तैवानच्या डॉक्टरांनी २००१ साली आंबट करंबळाचा रस भरपूर प्यायल्यानंतर मूत्रपिंडं बंद पडलेल्या रुग्णांची नोंद केली. त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झॅलेटचे स्फटिक अडकले होते. केरळात २००८ ते २०११ या काळात पाच रुग्णालयांत असे दहा रुग्ण आले. त्यांनी करंबळाच्या बहिणीचा, बिलिंबीचा, घट्ट रस कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून घेतला होता. सात जणांना डायलिसिस करावं लागलं. कालवणात दोन-चार बिलिंब्या टाकणाऱ्या घरांत असलं काही ऐकू येत नव्हतं. फाकेचा पेला झाला, तो ‘नैसर्गिक औषध’ म्हणून रिकाम्या पोटी घेतला जाऊ लागला, आणि तिथे हिशेब बदलला.

म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने, मग तो डायलिसिसवर असो वा नसो, करंबळाची एक फाकही तोंडात घालू नये, आणि चुकून खाल्ल्यावर उचकी लागली तर घरगुती उपाय करत बसू नये. बाकीच्यांनी फळ खावं, रसाचे पेले रिचवू नयेत. मधुमेहींची अडचण जास्त आहे. मूत्रपिंडं हळूहळू जात असतात तेव्हा ती दुखत नाहीत, आणि साखर उतरावी म्हणून करंबळाकडे वळणारे नेमके तेच असतात. हातगाडीवरचा माणूस तारे कापतो, मीठ-तिखट भुरभुरतो आणि कागदात बांधून देतो. क्रिएटिनिन किती आहे ते त्याने विचारायचं नसतं, ते घ्यायला पुढे केलेल्या हाताला माहीत असायला हवं.